मनातले सात

चिमाजीबाबांवर माझा पहिल्यापासून विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. माणूस फार गोड बोलायला लागला की मी आधी साखरेचा डबा आत ठेवते. माझी खोडच आहे ती.

ही ब्याऐंशी सालची, नाशिकरोडची गोष्ट. कबड्डीच्या मैदानाला लागून माझी चहा-भज्यांची टपरी होती. आमचे मालक एकलहऱ्याला वीज केंद्रात पाळीवर जायचे आणि घरी असले की झोपलेले असायचे. त्यामुळे टपरीही माझी आणि भांडणंही माझीच.

थंडीत मैदानावर स्पर्धा लागली की टपरीवर दुसरीच स्पर्धा सुरू व्हायची. तिला सगळे 'मनातले सात' म्हणायचे. खेळ सोपा. स्पर्धेत जेवढे संघ उतरलेत त्यांतून आपल्याला हवे ते सात गडी निवडायचे. एक मनमाडचा, दोन मालेगावचे, चार आपल्या गल्लीतले, कसेही. ते सात कधी एका बाजूनं खेळणार नाहीत, पण आपल्या मनात तो आपला संघ. त्यांतल्या कुणी मैदानावर गडी मारला की आपल्याला एक गुण, पकड केली की एक, तो स्वतः बाद झाला की एक कमी. प्रत्येक फेरीनंतर एक गडी काढून दुसरा घेता यायचा. टपरीच्या पत्र्यावर खडूनं सगळ्यांचे सात लिहिलेले असायचे. जिंकणाऱ्याला गुलाल, आणि हरलेल्यांनी दिवसभर माझे ग्लास विसळायचे. हा शेवटचा नियम अर्थातच मी घातला होता.

कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, हे सांगायला चिमाजीबाबा. जुने खेळाडू, मग पंच, आणि आता दिवसभर माझ्या बाकाचे मालक. बशीत चहा ओतून फुंकर मारत सांगायचे, "त्या मनमाडच्या झुंबरला काढ रे. पहिल्या डावात वाघ, दुसऱ्या डावात त्याला दम पुरत नाही." नाहीतर, "मालेगावचा भिकन घे. घोटा धरला की देव आला तरी सोडणार नाही." लोक मान डोलवायचे आणि पत्र्यावरची नावं पुसून नवी लिहायचे. बाबांचा शब्द सहसा खोटा ठरत नसे. म्हणून तर मला जास्त संशय यायचा.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ गोरक्ष आमच्या गल्लीच्या संघातून खेळत होता. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता. माझ्या लग्नात तो माझ्यासोबतच सासरी आला, असं लोक चेष्टेनं म्हणायचे, आणि ते खरंच होतं. शिक्षण जेमतेम, पण उजवा पाय असा चालायचा की समोरचा गडी कधी बाद झाला ते त्यालाच कळायचं नाही. अंतिम सामना बघायला मनमाडहून रेल्वेचे साहेब येणार होते. खेळाडूंची भरती होती. गोरक्षचं वय भरतीच्या काठावर आलेलं. या वर्षी साहेबांच्या नजरेत भरला तर रेल्वेची नोकरी, नाहीतर जन्मभर माझ्या टपरीवर भजी तळणं. मला भज्यांची लाज नाही, पण त्याच्यासाठी मला ती नको होती.

आणि दुसऱ्या फेरीनंतर चिमाजीबाबा बाकावर बसून खुशाल म्हणाले, "गोरक्षला काढा. गुडघा गेला त्याचा."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "कुणाचा गुडघा गेला?"

"तुझ्या भावाचा. बघितलं नाहीस? दोन सामन्यांत एकदा तरी लाथ मारली का त्यानं? नुसते हात पुढे करून परत येतो. आता सोमाला घ्या सगळ्यांनी."

सोमा म्हणजे बाबांचा सख्खा पुतण्या. आमच्याच संघात, गोरक्षच्याच बरोबरीचा चढाई करणारा. अगंबाई, म्हटलं, इथं पाणी मुरतंय होय! साहेब काय दोघांना घेणार आहेत? गोरक्षचं नाव बद्दू झालं की सोमाचा रस्ता मोकळा. बघता बघता सगळ्यांनी पत्र्यावरचा गोरक्ष पुसला आणि सोमा लिहिला. एकट्या माझ्या सातांत तो राहिला.

"बाबा, माझ्या चहात साखर चालते ना तुम्हाला?" मी विचारलं.

"चालते की."

"मग माझ्या भावाच्या अन्नात माती का कालवता?"

बाबा हसले. असे मिशीतल्या मिशीत हसणारे लोक मला आवडत नाहीत.

घरी आले तर गोरक्ष खरंच गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत दारात उभा. हळद तापवू का, तेल लावू का, म्हणाले. तो म्हणाला, "राहू दे अक्का. होईल." आणि नजर चुकवली. माझ्या हातचं खाऊन मोठा झालेला पोरगा. त्यानं नजर चुकवली की मला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर पाण्याला गेले. परत येताना बघते तर काय, घरामागं हा बहाद्दर दोन्ही टाचा टेकवून उकिडवा बसलाय आणि निवांत दात घासतोय. पट्टी दोरीवर वाळत. मग उठला, गटारावरून टणकन उडी मारून पलीकडं गेला, चूळ भरली, तसाच उडी मारून परत आला. मी भिंतीआड हंडा धरून उभी. घरात येऊन त्यानं पट्टी बांधली, आणि मला बघितल्यावर लंगडायला लागला.

बोलण्याचा धीरच झाला नाही. धडधाकट पाय लंगडा दाखवून माणूस का खेळतो? कुणीतरी सांगितलं म्हणून. आणि कुणी फुकट सांगत नाही.

आता मी चिमाजीबाबांना सोडून भावावर डोळा ठेवायला लागले. स्वतःच्या भावावर! भजी करपायला लागली. गिऱ्हाईक म्हणायचं, "सुलाबाई, लक्ष कुठाय?" मी म्हणायचे, "तुझ्या तोंडाकडं. गिळ मुकाट्यानं."

मालेगावचा संघही मैदानाजवळच्या शाळेत उतरलेला होता, आणि अंतिम सामना आमचा त्यांच्याशीच ठरला. सोमानं एकट्यानं आमच्या संघाला तिथवर ओढत आणलं होतं. मालेगावचा कप्तान भिकन, तोच घोटा धरणारा. घरचे यंत्रमाग, माणूस अंगानं भिंतीसारखा आणि वागायला मऊ. तो रोज चहाला यायचा, बाकावर बसून बाबांचे सल्ले ऐकायचा. अंतिम सामन्याच्या आदल्या दुपारी तो आला आणि गोरक्षला टपरीच्या मागं घेऊन गेला. मी पत्र्याच्या फटीतून बघितलं.

"भाऊ, पाय कसा शे आते?" भिकननं त्याच्या अहिराणीत विचारलं आणि खाली वाकून गुडघा चाचपला.

"काही खरं नाही," गोरक्ष म्हणाला.

मग भिकननं काखेतलं कागदात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक पुडकं त्याच्या हातात दिलं. गोरक्षनं इकडंतिकडं बघितलं आणि ते सदऱ्याखाली घातलं. घरी जाऊन ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. आमच्या ट्रंकेला आजवर कधी कुलूप नव्हतं.

झालं. माझ्या भावानं सामना विकला. समोरच्या संघाच्या कप्तानाकडून पुडकं घेऊन, लंगड्या पायाचं निमित्त करून हा उद्या हरणार. नोकरी गेली खड्ड्यात! मी त्या रात्री मालकांनाही काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, तुमचा मेहुणा चोर आहे?

सकाळपर्यंत मी एक ठरवलं. सगळ्यांसमोर कळू दे की याचा पाय धड आहे. मग हरायला निमित्त उरणार नाही आणि झक मारत खेळावं लागेल.

सामन्याच्या दिवशी टपरीवर ही गर्दी. भिकन आणि त्याचे दोन गडी बाकावर, शेजारी चिमाजीबाबा. बाबा म्हणत होते, "शेवटची संधी आहे, कुणाच्या सातांत गोरक्ष राहिला असेल तर काढा." आणि माझ्याकडं बघून, "सुलाबाई, तू पण काढ. उगीच ग्लास विसळशील."

मी किटली आपटली. "नाही काढत! माझ्या भावाचा गुडघा ठणठणीत आहे! सकाळी उकिडवा बसून दात घासतो तो. गटार उडी मारून ओलांडतो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

भिकननं बशी खाली ठेवली आणि बाबांकडं बघितलं. बाबांच्या मिशीतलं हसू गेलं होतं. तेवढ्यात गोरक्ष लंगडत आला.

"काढ ती पट्टी!" मी ओरडले. "दाखव सगळ्यांना!"

गोरक्षनं माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग तो हळूच म्हणाला, "अक्का, तू ओरडलीस म्हणून पाय बरा होतो का गं?" आणि पाय ओढत मैदानाकडं निघून गेला.

बाबांनी सुस्कारा सोडला. "बहीण आहे हो. लहानपणापासून वाढवलंय. तिला तो ठणठणीतच दिसणार."

लोकांनी चुकचुक केली. भिकन उठला, जाताना माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "बहीणनी माया आंधळी ऱ्हास, ताई." मला रडू फुटलं. पत्र्यावरचं गोरक्षचं नाव पुसायला मी फडकं उचललं आणि पुन्हा ठेवून दिलं. चोर असला तरी तो माझ्या सातांतला होता.

टपरी उघडी टाकून मी मैदानाच्या दोरीपाशी जाऊन उभी राहिले. साहेब खुर्चीवर बसलेले. पहिला डाव गोरक्ष नुसता जायचा आणि यायचा. सोमावर मालेगावनं सगळा जोर लावला, त्याला दोनदा धरला. आम्ही मागं पडलो. साहेब शेजारच्याशी बोलायला लागले.

दुसऱ्या डावात गोरक्ष लंगडत मध्यरेषा ओलांडून गेला. आता भिकनची एक रीत होती, ती टपरीवरच्या सगळ्यांना पाठ. लाथ मारणाऱ्या गड्यासमोर तो कधी पुढं येत नसे, कोपऱ्यात मागं राहून वाट बघायचा. पण अधू पायाचा गडी दिसला की सरळ झडप घालायचा. तो पुढं आला, बिनधास्त, हात पसरून. आणि गोरक्षचा उजवा पाय उठला. भिकनच्या छातीला अंगठा लागला, वळता वळता शेजारच्याच्या मांडीला लागला, आणि हा एका झेपेत रेषेच्या अलीकडं.

मैदानावर असा गलका झाला की माझे कान बसले. भिकन बाहेर गेल्यावर मालेगावचा कोपरा उघडा पडला. गोरक्षनं पट्टी सोडून फेकून दिली आणि मग काय विचारता! लोण चढला. सामना आम्ही जिंकला. साहेब खुर्चीवरून उठून स्वतः गोरक्षपाशी गेले, त्याची जन्मतारीख विचारली आणि म्हणाले, "मंगळवारी मनमाडला या. येताना त्या दुसऱ्यालाही आणा." दुसरा म्हणजे सोमा.

टपरीवर नुसता गोंधळ. "बाबा, आमचे गुण बुडवलेत!" सगळे चिमाजीबाबांवर तुटून पडले. गोरक्ष फक्त माझ्या सातांत, म्हणून मी जिंकले. माझ्या कपाळाला गुलाल आणि सगळी फलटण ग्लास विसळायला. बाबा स्वतः बाही वर करून पाण्यात हात घालून बसले.

"भिकन रोज इथं ऐकत बसायचा," ते म्हणाले. "तुम्हाला खरं सांगितलं असतं तर त्यालाही कळलं असतं. पण नुसत्या माझ्या बोलण्यावर त्यानं विश्वास ठेवला नसता. सुलाबाई भांडली, रडली, तेव्हा त्याला पटलं. नाटकात कुणी असं रडतं का?"

"आणि मला का नाही सांगितलं?" मी गोरक्षला विचारलं.

तो हसला. "अक्का, तुझ्या तोंडात तीळ तरी भिजतो का? तू अर्ध्या नाशिकरोडला सांगितलं असतंस."

सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं ट्रंकेचं कुलूप काढलं आणि ते पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. सुतळी सोडली तर आत पातळ. हिरवं, बारीक लाल काठाचं. "भिकनच्या मागावरचं आहे. इथं भेटल्यावर त्याला सांगून मालेगावहून मागवून घेतलं होतं. जिंकलो तर आजच द्यायचं ठरवलं होतं." मग माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला, "आवडलं नाही का?"

मी पातळ गालाला लावलं. डोळे वाहायला लागले, थांबेनात.

"अक्का, काय झालं? इतके दिवस माझ्याकडं अशी का बघत होतीस? तुला काय वाटलं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले. "गुडघ्याची काळजी वाटत होती."

तो आता मनमाडला असतो, पोराबाळांचा बाप झालाय. दर भाऊबीजेला येतो आणि अजून सगळ्यांसमोर चेष्टा करतो, आमच्या अक्काच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून. मी म्हणते, हो बाबा, नाही भिजत. आणि त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढते.