नटाची दीड बाजू

माईंच्या नवऱ्याची निळी गाडी जगभर फिरायची, फक्त घरी यायला कुरकुरायची. घर होतं चढाच्या टोकाला. निम्म्या चढावर गाडी काळा धूर ओकायची, गचके द्यायची आणि मान टाकायची. मग नवरा म्हणायचा, "तू उतर गं, तिचं ओझं कमी कर." माई पिशव्या सांभाळत उतरायच्या, पायी चढायच्या आणि गाडी धापा टाकत मागून यायची. अशी तीस वर्षं. शेजारीण म्हणायची, "लग्नाची रस्त्यावर आणि सवत फाटकाच्या आत!"

नवरा जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभीच होती. मुलाने अखेर सांगून टाकलं, "आई, आज दुपारी भंगारवाला येतोय. तुझ्या हट्टापायी मिस्त्री बोलावलाय. तुला बसवून चढ चढली तर ठेवू. नाही तर मला काही बोलायचं नाही."

मिस्त्री निघाला ठार बहिरा. सगळं आयुष्य बॉयलरच्या कारखान्यातल्या ठोकाठोकीत गेलेलं. मुलाने कपाळावर हात मारला. "इंजिनाचा सूर लावायला बहिरा माणूस! उद्या आंधळ्याकडून भिंती रंगवून घे."

"काय म्हणतात साहेब?" मिस्त्रीने विचारलं.

"चहा घेणार का, म्हणतोय!" माई त्याच्या समोर येऊन ओरडल्या.

"नंतर, वहिनी. आधी हिचं बघू."

हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर त्याने उघडून धुतला, परत बसवला. आता इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. मुलगा बापाच्या सवयीने हवेच्या गाळणीचा गोल डबा काढायला वाकला, तशी मिस्त्रीने त्याच्या हातावर चापट मारली.

"तो कशाला काढता?"

"बाबा नेहमी काढायचे. मध्ये येतो ना, हात पोचत नाही."

मिस्त्रीने त्याचे ओठ नीट वाचले. "आणि सगळं जुळवून झाल्यावर परत बसवायचे?"

"अर्थातच!"

मिस्त्री हसत सुटला. "अहो, नाक मोकळं असताना हिचं पेट्रोल ठरवलंत आणि कामाला जुंपताना नाकाला फडकं बांधलंत! हवा कमी, पेट्रोल तेवढंच. चढावर घुसमटेल नाही तर काय करेल बिचारी?"

 तीस वर्षं माई त्या चढाला शिव्या देत आल्या होत्या.

डबा जागच्या जागी ठेवून मिस्त्रीने कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या नटाला पाना लावला. दुसऱ्या हाताने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, त्याची लाकडी मूठ कानामागच्या हाडाशी दाबली आणि डोळे मिटले. इंजिन पडसं झाल्यासारखं घोगरं बोलत होतं. सहा बाजूंचा तो नट त्याने एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग, वर फिरवला. घसा जरा सुटला. आणखी एक बाजू. आवाज बारीक झाला, आणि तो कापतोय हे माईंच्या ध्यानात येण्याआधीच मिस्त्रीने नट अर्धी बाजू मागे घेतला होता.

मग त्याने कार्बोरेटरच्या कडेची, जरा जास्त हवा आत सोडणारी एक बारीकशी पिन बोटाने हलकेच वर ढकलली. इंजिन केसभर उसळलं आणि लगेच शांत झालं.

"गुदगुली केली," डोळे न उघडताच तो म्हणाला. "हसतच राहिली तर पेट्रोल जास्त, रडली तर कमी. ही क्षणभर हसली आणि गप्प झाली."

 अंगणात असा एकसंध, गोल आवाज भरला होता, जणू कुणी जाड रेशीम हळूहळू उलगडतंय. घरातल्या धडधाकट कानांना जो कधी सापडला नाही, तो या माणसाने हाडाने ऐकला होता. 

मुलाने गाडी उतारावरून खाली नेली, वळवली. माई पुढे, मुलाशेजारी. मिस्त्री मागे, सीटवर तळवा ठेवून. निम्मा चढ आला आणि माईंचा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला. गाडी थांबली नाही. ज्या दगडी भिंतीचा आधार घेत त्या दम खायच्या, ती भिंत खिडकीतून नुसती वाहत गेली. काचेपुढे रस्ता संपला आणि आभाळ उभं राहिलं. चढावरून आभाळ असं दिसतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

फाटकाशी मुलाने फोन काढला. "भंगारवाल्याला नको येऊ म्हणून सांगतो. उतर, आई."

"तू सांग त्याला," माई सीटवर आणखी ऐसपैस बसत म्हणाल्या, "आणि गाडी वळव. मला परत एकदा वर यायचंय."