चोरट्या नटीची भूमिका

जनका खिल्लारे मुंबईच्या टीव्हीवर दिसते हे आखाडा बाळापुरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिला टीव्हीवर पाहिलेला माणूस गावात एकही नव्हता. टीव्हीच नव्हता. एसटीतून शिळा होऊन येणाऱ्या पेपरात तिचा फोटो आला, की चावडीवर कोणीतरी तो वाचून दाखवायचं. दर मंगळवारी लागणाऱ्या मालिकेत ती नर्सचं काम करायची, आणि मुंबईत म्हणे बाया तिला रस्त्यात अडवून लेकराच्या खोकल्यावर औषध विचारायच्या. ऐकून लोक हसायचे. मग कोणीतरी हळूच म्हणायचं, "एकदाणी घेऊन गेली, तिचं सोनं झालं बघा."

ही एकदाणीची, सोन्याच्या मण्यांच्या माळेची, गोष्ट दहा वर्षं जुनी होती.

जनकाचे वडील उकंडराव भीमगीतं गायचे. शिरड शहापूर, जवळा बाजार, कुठंही जलसा असला की त्यांना बोलावणं यायचं. लहानपणी जनका त्यांच्यामागे झांज धरून उभी राहायची, आणि तिथंच तिला हजार माणसांपुढे उभं राहायची सवय झाली. गावात जिनिंगवाल्या अमृतरावांचं नाटक मंडळ होतं. नाटकं तेच लिहायचे, बसवायचे, आणि धन्याची, राजाची, नवऱ्याची भूमिकाही तेच करायचे. नटी अकोल्याहून आणावी लागे. एका साली अकोल्याची बाई आली नाही, तेव्हा त्यांनी जनकाला उभं केलं. पुढची चार वर्षं दुसरी नटी आणायची गरज पडली नाही.

अडुसष्ट साली परभणीला स्पर्धा झाली. जनकाला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं, अमृतरावांना काहीच नाही. परीक्षकांपैकी एकानं सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, तुम्ही मुंबईला या. इथं तुमच्यासमोर उभा राहील असा नट नाही." अमृतराव शेजारीच होते. ते हसले आणि टाळ्याही वाजवल्या.

चौथ्या दिवशी ते चार पंच घेऊन उकंडरावांच्या दारात आले. नाटकासाठी त्यांच्या बायकोची, केशरबाईंची एकदाणी जनकाच्या गळ्यात घातली होती. ती परत आली नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मी स्वतः हातात दिली तुमच्या, मालक," जनका म्हणाली. "परभणीला, पडदा पडल्यावर. ग्यानोबाकाका व्हते तिथं."

मंडळाचा पेटीवाला ग्यानोबा पंचांच्या मागे उभा होता. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काही ध्यानात न्हाई."

मग झडती झाली. ज्वारीची मडकी अंगणात पालथी केली, गोधड्या उसवल्या, उकंडरावांच्या डफाचं कातडंसुद्धा फाडून आत पाहिलं. काही सापडलं नाही. अमृतराव मोठ्यानं म्हणाले, "जाऊ द्या. पोलिसात देत न्हाई मी. लेकीसारखी हाय. माफ केलं."

त्या माफीनं घर बुडालं. त्यानंतर उकंडराव कुठंही गायला उभे राहिले की मागून एखादा ओरडायचा, "एकदाणी कुठंय?" तीनदा असं झालं. चौथ्या जलशाला ते गेलेच नाहीत. पुढे अकरा महिने त्यांनी घरातही तोंड उघडलं नाही, गाण्यासाठी नाही आणि बोलण्यासाठीही नाही. बाराव्या महिन्यात गेले.

त्याच हिवाळ्यात अमृतरावांनी नवं नाटक लिहिलं, 'थोर मनाचा धनी'. त्यात एक नटी धन्याच्या घरचा दागिना चोरते. धनी तिला पकडतो, आणि शेवटी ती पाया पडल्यावर तिला माफ करतो. बाया पदरानं डोळे पुसायच्या. कोणत्या नटीची गोष्ट आहे हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. मंडळाचं हे सगळ्यात गाजलेलं नाटक. कळमनुरीपासून वसमतपर्यंत त्याचे शंभरावर प्रयोग झाले.

वडिलांचे दिवस झाल्यावर जनका मुंबईला मावशीकडे निघून गेली. सकाळी गिरणीच्या पाळणाघरात पोरं सांभाळायची, संध्याकाळी कामगारांच्या नाटकात मिळेल ती भूमिका. बहात्तर साली मुंबईत टीव्ही सुरू झाला तेव्हा तिला पहिलं काम मिळालं ते मोलकरणीचं, तोंडी एकच वाक्य. दिग्दर्शकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुम्ही शेवटच्या रांगेसाठी बोलताय. इथं शेवटची रांग नाही. कॅमेरा तुमच्या नाकापुढे आहे. काही करू नका, फक्त मनात आणा." जनका ते शिकली. गप्प उभं राहून समोरच्याला अस्वस्थ कसं करायचं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमत नाही, असं पुढे स्टुडिओत म्हणायचे. मनात काय आणायचं हा प्रश्न तिला कधी पडला नाही. फाटलेला डफ आणि वडिलांचं, आबांचं मिटलेलं तोंड, एवढं तिला पुरायचं.

सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर अमृतरावांचं पत्र आलं. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती. 'आमच्या मंडळानं घडवलेली कलावंत म्हणून आपण सत्काराला यावं. झालं गेलं आम्ही केव्हाच विसरलो आहोत.'

जनकानं ते पत्र दोनदा वाचलं आणि त्याच दिवशी उत्तर टाकलं. 'सत्कार नको. थोर मनाचा धनी लावा. चोरट्या नटीची भूमिका मी करते. धनी तुम्हीच व्हा.'

अमृतरावांनी ते पत्र चावडीवर वाचून दाखवलं. "बघा," ते म्हणाले, "आता कबूल झाली पोरगी. मोठं मन लागतं त्याला बी."

जानेवारीत ती आली. हिंगोलीला रेल्वेतून उतरून एसटीनं बाळापुरात. तिची माय, धुरपताबाई, दारातच कडाडली.

"काहून आलीस? त्या माणसाच्या नाटकात त्याच्या पाया पडायला?"

"पाया कोण पडतंय ते बघू, माय. मला एक सांग. केशरबाई येतात का नाटकाला?"

"ती? एकदा बी न्हाई आली. घरासमोर नाटक अन् ही आत दार लावून बसती. लेकीच्या लग्नात मोकळ्या गळ्यानं उभी व्हती, सगळ्या गावानं पाहिलं. मायनं दिलेली एकदाणी गेली म्हणून दुसरं काही घालतच न्हाई म्हणती."

जनकानं सामान आत ठेवलं. मग चपला घालून अमृतरावांच्या घरी गेली. ते जिनिंगमध्ये मंडप घालून घेत होते. केशरबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. जनकाला पाहून त्यांनी मान खाली घातली, सूप चालूच ठेवलं.

"तुमी नाटक काहून बघत न्हाई, बाई?"

"डोकं दुखतं माझं."

"धा वर्षं?"

सूप थांबलं. जनका पायरीवर बसली.

"माझा बाप गेला त्याच्यात. तुमच्या मायचा दागिना बी गेला. लेकीच्या लग्नात घालता आला न्हाई. ह्या गावात दोघीच ठकलो आपण. एकदाणी कुठं हाय मला ठाऊक न्हाई. तुमाला ठाऊक हाय."

केशरबाईंनी एकदा आतल्या अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं, जिथं धान्याची कणगी होती.

"उद्या पुढं येऊन बसा," जनका उठत म्हणाली. "कसं यायचं ते तुमचं तुमी बघा."

केशरबाईंनी पुन्हा सूप हातात घेतलं.

पाहुण्यांना संध्याकाळची गाडी गाठायची असल्यानं नाटक दुपारी तीनलाच लावलं होतं. जिनिंगचं पटांगण माणसांनी भरलं. जवळा बाजारहून बैलगाड्या आल्या होत्या. टीव्हीतली बाई कशी दिसते हे बघायला लोक कापसाच्या गंजीवरसुद्धा चढून बसले. डाव्या अंगाला बाया. पहिल्या रांगेतली एक सतरंजी रिकामी होती.

दोन अंक सरळ गेले. नाटकातलं प्रत्येक वाक्य जनकानं जसंच्या तसं म्हटलं. लोकांना जरा नवल वाटलं, कारण ती ओरडत नव्हती, तरी मागपर्यंत ऐकू येत होतं. अमृतराव मात्र रंगात होते. पन्नाशी उलटली तरी आवाज खणखणीत.

तिसरा अंक सुरू होताना केशरबाई आल्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढून त्या पहिल्या रांगेत बसल्या. जनकाला त्यांचा गळा दिसत नव्हता. पण आता थांबायचं नाही, हे तिनं मुंबईतच ठरवलेलं होतं.

शेवटचा प्रवेश. धनी गरजला, "सांग, चोरटे! दागिना कुठं लपवलास?"

नाटकात इथं नटी रडत पायावर कोसळते. जनका कोसळली नाही. ती धन्याकडे बघत उभी राहिली. एक क्षण, दोन क्षण. लोकांना वाटलं हा मुंबईचा अभिनय असेल. अमृतरावांनी वाक्य पुन्हा म्हटलं. ती तशीच. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज चिरकला, आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "पाया पड की."

"दागिना कुठं हाय ते मी सांगू, का तुमी सांगता, अमृतराव?" ती म्हणाली. धन्याचं नाटकातलं नाव अमृतराव नव्हतं. "परभणीला मी तो तुमच्या हातात दिला. माझं बक्षीस तुमच्या डोळ्यात खुपलं म्हणून तुमी माझ्या बापाच्या डफाचं कातडं फाडलं. सांगा ह्या लोकांना."

"पडदा!" अमृतराव विंगेकडे ओरडले. "ग्यानोबा, पडदा टाक!"

दोरी ग्यानोबाच्याच हातात होती. त्यानं ती खिळ्याला दोन वेढे देऊन बांधली आणि पेटीवर जाऊन बसला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत केशरबाई उठल्या. लोकांकडे तोंड करून त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. उन्हात एकदाणीचा एकेक मणी चमकला.

"ही बघा," त्या म्हणाल्या. कधी मोठ्यानं न बोललेल्या बाईचा आवाज थरथरत होता. "कणगीत व्हती. ह्यायनीच घातली अन् म्हणले, गळ्यात दिसली तर माहेरी धाडीन. माझ्या मायचा दागिना, मी धा वर्षं जवारीखाली पुरला. ती पोरगी चोर न्हाई."

"येडी झाली हाय ती," अमृतराव म्हणाले, पण ते वाक्य पहिल्या रांगेच्या पुढे गेलं नाही.

कापसाच्या गंजीवरून कोणीतरी ओरडलं, "एकदाणी कुठंय?" आणि दुसऱ्या टोकानं उत्तर आलं, "कणगीत!" हसण्याचा लोट उठला. मग सगळं पटांगणच विचारू लागलं आणि स्वतःच उत्तर देऊ लागलं. अमृतराव मधोमध उभे होते, डोक्याला धन्याचा जरीचा फेटा. त्यांना जायला वाट होती, पण त्यांचे पाय हलेनात. जनका तीन हातांवर उभी राहून बघत होती. हे ती घाईनं संपवणार नव्हती. ते कोलमडून खाली बसेपर्यंत ती बघत राहिली. मग पायऱ्या उतरून बायांमधून चालत घरी गेली.

त्या रात्री धुरपताबाई पोटभर जेवली.

मंडळ पुन्हा उभं राहिलं नाही. केशरबाई त्याच घरात राहिल्या, दळण-कांडण करताना, बाजाराला जाताना एकदाणी घालून. जिनिंगच्या फाटकाशी, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, अमृतराव दिसले की पाठीमागून आरोळी यायची. उन्हाळ्यात ते नांदेडला मुलाकडे निघून गेले. पण नांदेडलाही बाळापूरची माणसं असतातच.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात त्यांचं पत्र मुंबईला आलं. अक्षर हललेलं. 'मी घराबाहेर पडत नाही. बोलणंही सोडलं आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की गैरसमज झाला होता. वर्तमानपत्रात छापून आणतो. माझं वय झालं.'

माय तेव्हा मुंबईतच राहायला आली होती. जनकानं तिला पत्र वाचून दाखवलं.

"लई झालं का त्याला?" मायनं विचारलं.

"बोलणं सोडून किती दिवस झाले ते लिहिलं न्हाई," जनका म्हणाली. "आबांचे अकरा महिने व्हते."

मायनं भाकरी थापायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मंगळवारच्या मालिकेचं चित्रीकरण होतं. नर्सला दारू पिऊन मारणारा नवरा मरायला टेकलाय आणि ती त्याला माफ करते, असा प्रवेश. जनका खाटेशेजारी बसली, त्या नटाचा हात हातात घेतला आणि काहीच न करता फक्त बघत राहिली. कॅमेऱ्यामागचा माणूस डोळे पुसत होता. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, असं माफ करणं मी जन्मात पाहिलं नाही."

"धन्यवाद," जनका म्हणाली. तोंडाचा रंग पुसून ती बसनं घरी आली. पत्राला तिनं उत्तर दिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.