दरवानाचं वाक्य

डोरीनने गॅरेथच्या कोटाच्या खिशातून पाण्याची पिचकारी काढली आणि दाराशी ठेवलेल्या धुण्याच्या टोपलीत टाकली. टोपली जवळजवळ भरत आली होती.

“दुसरा खिसा,” ती म्हणाली.

गॅरेथ दातांचा डॉक्टर. स्कारबरोतल्या निम्म्या लोकांना तो ‘आ करा’ म्हणून दरडावत असे; डोरीनपुढे मात्र त्याने निमूटपणे दुसरा खिसा उलटा केला. त्यातून सार्डिन माशांचा डबा निघाला.

“हा खायला आणलाय.”

“तुला मासे चालत नाहीत, गॅरेथ. टाक त्यात.”

एरवी हा डबा वाजवायचा असतो. ‘बुडालेलं हॉटेल’ हा चित्रपट आला तेव्हा आठवड्याभरात उतरला होता. समीक्षकांनी त्याला नावं ठेवली, आणि खरं सांगायचं तर एकही नाव खोटं नव्हतं. लग्नातून पळालेली मेव्हिस नावाची मुलगी प्रवासाची पेटी घेऊन समुद्राच्या तळाशी असलेल्या एका हॉटेलात उतरते, तिथली मालकीण अर्धी बाई आणि अर्धी ऑक्टोपस असते, आणि दर पाच मिनिटांनी सगळे बेसूर गायला लागतात. पण कुठेतरी कुणीतरी तो दुसऱ्यांदा पाहिला, तिसऱ्यांदा पाहताना मालकिणीच्या गाण्यावर डबा वाजवला, आणि मग ते वेड लागलं ते लागलंच. बंदरावरचं थिएटर बंद पडलं तेव्हा मंडळी चर्चच्या हॉलमध्ये गेली. तिथे आजही महिन्यातून एकदा पडदा लागतो, डोक्यावर आंघोळीच्या प्लॅस्टिकच्या टोप्या चढतात आणि साठी ओलांडलेली शहाणीसुरती माणसं एकमेकांवर पिचकाऱ्या मारतात. पाद्रीबुवांनी फक्त वेदी भिजवू नका एवढीच अट घातली आहे.

आज मात्र डोरीनने टोपीपलीकडे काहीही आत जाऊ दिलं नाही. आज टीव्हीवर ‘बुडालेलं हॉटेल’ नव्याने येणार होतं, नवे नट, नवे कपडे घेऊन. आणि आज ओरडायचं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. हे तिने सगळ्यांकडून वदवून घेतलं होतं, तेही विल्फ्रेडसाठी.

विल्फ्रेड टॅन्स्ली तिच्या बैठकीतल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसला होता. नव्वदीला टेकलेला, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर त्याने स्वतः निवडलेली बदकांची चित्रं असलेली टोपी. जुन्या चित्रपटात तो हॉटेलचा दरवान होता. त्याला एकच दृश्य आणि एकच वाक्य. मेव्हिस येते, तो दार उघडतो, काहीतरी म्हणतो, ती आत पाऊल टाकते आणि सणसणीत अडखळते. बस. आणि नेमकं तो दार उघडतो त्याच क्षणी जगातल्या प्रत्येक हॉलमधला प्रत्येक प्रेक्षक बेंबीच्या देठापासून ओरडतो, “जाऊ नकोस, मेव्हिस!”

त्यामुळे ते वाक्य कधी कुणी ऐकलंच नाही. घरी एकट्याने पाहावं म्हटलं, तर तिथे त्याची कॅमेऱ्याकडे पाठ, मिशी दाट, आणि वरून बरोबर तेव्हाच जहाजाचा भोंगा. डोरीनने एकदा कान टीव्हीला चिकटवून पाहिला होता. तिलाही भोंगाच ऐकू आला. मेव्हिस का अडखळते यावर मंडळींत दोन तट होते. एक म्हणे, ते प्रतीक आहे. दुसरा म्हणे, नटीने चपला चुकीच्या घातल्या होत्या.

चार वर्षांपूर्वी हा म्हातारा चर्चच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत येऊन बसला आणि खेळ संपल्यावर डोरीनला म्हणाला, छान झाला, फक्त माझं वाक्य याही वेळेला बुडालं. तो हसत म्हणाला होता, पण डोरीनला त्या रात्री झोप आली नाही. आपण एका माणसाच्या आयुष्यातलं एकुलतं एक वाक्य इतकी वर्षं ओरडून गाडत आलो, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वाक्य काय होतं, असं तिने कितीदा तरी विचारलं. विल्फ्रेड सांगेना. पडद्यावरून ऐकलंत तरच मजा आहे, म्हणायचा.

आणि मग टीव्हीवाल्यांनी त्यालाच बोलावलं. तेच दृश्य, तेच वाक्य, या वेळी तोंड कॅमेऱ्याकडे. मँचेस्टरला नेऊन दिवसभर त्याचं चित्रण केलं, दुपारी जेवू घातलं, गाडीने घरी सोडलं. तेव्हापासून मंडळींना दुसरा विषय नव्हता.

“सुरू होतंय,” डोरीन म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना कळून चुकलं की आपला घात झाला आहे. ऑक्टोपस मालकीण सडपातळ होती. तिचे हात मोजून आठ होते. जुनीला सहाच होते, कारण दोन हातांपुरते पैसे उरले नव्हते, आणि त्या न उरलेल्या दोन हातांवर मंडळींचा फार जीव होता. हॉटेल स्वच्छ होतं. मासे खऱ्यासारखे होते. सगळ्यात वाईट म्हणजे सगळे सुरात गात होते. एकदाही कुणाचा आवाज फाटला नाही.

गॅरेथच्या घशातून एक बारीक आवाज आला. डोरीनने नुसतं पाहिलं. त्याने टोपी कानांवर ओढून घेतली. मागे कुणीतरी हुंदका दिल्यासारखं झालं, तेही लगेच दाबलं गेलं. मालकिणीचं मोठं गाणं आलं तेव्हा सगळ्यांचे हात मांडीवर आपोआप डबा शोधू लागले आणि रिकामेच राहिले. शिव्या प्रत्येकाच्या ओठांवर आल्या होत्या, पण मूग गिळून बसायचं ठरलं होतं. डोरीनच्या त्या बैठकीत लग्नाच्या चाळीस वर्षांत एवढी शांतता कधी झाली नसेल. स्वयंपाकघरात तिचा नवरा क्लाइव्ह चमचे ठेवत होता, तेही ऐकू येत होतं.

मग मेव्हिस पेटी घेऊन आली. डोरीनने श्वास धरला. कुणीतरी खुर्चीत सावरून बसलं. गॅरेथने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं, कारण त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता.

पडद्यावर काचेची दोन दारं दिसली. मेव्हिस जवळ गेली, आणि दारं आपली आपणच सरकून उघडली. ती आत गेली. गुळगुळीत सपाट फरशीवर अडखळली. आणि गाणं सुरू झालं.

एवढंच. दरवान नव्हताच. पायरीसुद्धा नव्हती. अडखळणं तेवढं जुन्यातून उचललं होतं.

कुणी हललं नाही. कुणाची विल्फ्रेडकडे पाहायची छाती होईना. ओरडले असते तर त्या गोंगाटात काहीतरी लपलं असतं. आता त्या शांततेत सगळं उघडं पडलं होतं, आणि ती शांतता डोरीनने घरोघर फोन करून जमवली होती. तिचे कान तापले. शेवटी तिने मान वळवली.

विल्फ्रेडची हनुवटी छातीवर टेकली होती. बदकांची टोपी भुवयांपर्यंत घसरली होती. तो झोपला होता.

डोरीनने डोळे मिटून देवाचे आभार मानले. एकेकाने वळून पाहिलं आणि खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. उरलेला चित्रपट मंडळींनी कसाबसा सोसला. मूळ चित्रपटात शेवटी हॉटेल फुटतं तेव्हा दोऱ्या दिसतात. इथे दोऱ्यासुद्धा दिसल्या नाहीत.

शेवटची पाटी गेली आणि विल्फ्रेडने डोळे उघडले.

“संपलं?” त्याने विचारलं. “अरेरे. मी कसा काय दिसलो?”

डोरीनने तोंड उघडायच्या आत गॅरेथ बोलून गेला होता.

“अप्रतिम.”

मग बांध फुटला. कुणी म्हणालं, चेहरा काय उठून दिसला. कुणी म्हणालं, त्या गणवेशाची बटणं काय चमकत होती. मागच्या एका बाईंनी तर दार उघडण्याच्या ढबीची तारीफ केली. विल्फ्रेड एकेकाकडे पाहत मान डोलावत होता.

“आणि वाक्य?”

“काळजाला भिडलं,” गॅरेथ छातीवर हात ठेवून म्हणाला. “मी तर रडलोच.”

“हो का,” विल्फ्रेड म्हणाला. “काय म्हटलं मी?”

चित्रपटाचा शब्द न् शब्द तोंडपाठ असलेली ती सगळी मंडळी एकमेकांची तोंडं बघत राहिली. मेव्हिसच्या पेटीवर कुठल्या गावांची लेबलं आहेत हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं. गॅरेथचा हात छातीवरच राहिला.

“आम्ही ओरडलो, विल्फ्रेड,” डोरीन म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

“म्हणजे, मीच आधी ओरडले. तुमचा चेहरा दिसला आणि राहवलंच नाही. मग सगळेच ओरडले. जित्याची खोड. पुन्हा ऐकूच नाही आलं. मला माफ करा.”

“हो, ओरडलो आम्ही,” गॅरेथ घाईघाईने म्हणाला. मग सगळ्यांनीच न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला सुरुवात केली. ज्या बाईंनी ढब वाखाणली होती त्या म्हणाल्या, माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

तेवढ्यात क्लाइव्ह चहाचा ट्रे घेऊन आला. “कोण ओरडलं? इतकं सामसूम होतं, मला वाटलं टीव्ही बिघडला आणि तुम्ही सगळे—”

“क्लाइव्ह, साखर राहिली,” डोरीन म्हणाली.

“ही काय, ट्रेमध्येच आहे.”

“दुसरी साखर.”

क्लाइव्ह तिच्या तोंडाकडे पाहून माघारी गेला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती.

विल्फ्रेडने टोपी भुवयांवरून वर सारली. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो ठसका लागेपर्यंत हसला. “मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “ओरडल्याशिवाय राहाल तर तुम्ही कसले!” त्याने चहा घेतला, दोन केक खाल्ले आणि निघताना प्रत्येकाशी हात मिळवला.

डोरीन त्याला गाडीने सोडायला निघाली. बाहेर पाऊस पडून गेला होता. गाडी चढाच्या रस्त्याला लागली.

“पोरी,” विल्फ्रेड म्हणाला, “एवढ्या शांततेत मला झोप नाही येत. मी नाटकातला माणूस. गोंगाटात घोरतो.”

डोरीनने गाडीचा वेग कमी केला. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं.

“म्हणजे तुम्ही पाहिलंत.”

“काचेची दारं पाहिली. पुढचं कळलं. तुम्ही सगळे मान ताठ धरून बसलेले, बिचारे. कुणीतरी डोळे मिटायला हवेच होते.”

“मग मुद्दाम का विचारलंत, काय म्हटलं म्हणून?”

“तो दातांचा डॉक्टर रडलो म्हणाला. त्याला कुठेतरी थांबवायला नको?”

ती रडत होती आणि आता तिला हसूही आवरेना. विल्फ्रेडने तिला रुमाल दिला आणि समोर बघून चालव म्हणून बजावलं.

त्याच्या इमारतीपाशी तिने त्याच्यासाठी आणलेला उरलेल्या केकचा डबा घेतला आणि त्याच्यामागून गेली. विल्फ्रेडने किल्ली फिरवली, दार उघडलं, पण आत गेला नाही. तो बाजूला सरकला. पाठ ताठ केली, टाचा जुळवल्या आणि दार हाताने धरून ठेवलं. डोक्यावर बदकांची टोपी तशीच होती.

ती ढब पाहिली आणि डोरीनचं तोंड आपोआप उघडलं. छातीत श्वास भरला, जीभसुद्धा वळली. शेवटच्या क्षणी तिने केकचा डबा काखेत मारला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबलं.

विल्फ्रेड थांबला. कुठेही भोंगा वाजला नाही.

“पायरी ओली आहे, बाईसाहेब,” तो म्हणाला. “जरा जपून.”

डोरीनने हात हळूहळू खाली घेतले.

“समुद्राच्या तळाशी?”

“तेच तर,” विल्फ्रेड म्हणाला. “त्या अख्ख्या चित्रपटात तेवढा एकच विनोद होता.”

तिला असं हसू फुटलं की वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावला. हसता हसता तिने आत पाऊल टाकलं आणि त्या ओल्या पायरीवर सणसणीत अडखळली.