रोझालिंडच्या नावाचे रक्त

मी एक जुनी टोचणी आहे. दिसायला पेनासारखी, पण मला एक अक्षरही लिहिता येत नाही. त्यामुळे ही हकीकत मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच वाटते. मित्रांनो, सांभाळून घ्या. माझ्या मनात राग आहे, आणि रागावलेल्याने गोष्ट सांगू नये असेही म्हणतात. तरी सांगते.

माझ्या पोटात एक स्प्रिंग आहे आणि टोकाला सुई बसवायची जागा. बटण दाबले की सुई बाहेर येते, बोटाला चावते आणि आत जाते. इतकीच माझी विद्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका चीजच्या गावात मी व्हेरेना रूग हिच्या घरी आले. तिचा नवरा चीज बनवत असे. तो गेल्यावर मुलाने कारखाना सांभाळला, आणि व्हेरेनाने स्वतःसाठी एकच गाय ठेवली. तिला साखरेचा आजार. रोज सकाळी गोठ्यात जाण्याआधी ती नवी सुई बसवून मला बोटाला लावी. दूध काढून काढून तिची बोटे राठ झाली होती, पण मी कधी कच खाल्ली नाही.

"ही भुंकत नाही, नुसती चावते," ती नातीला, ब्रिटाला सांगे. "माणसांनी शिकावं हिच्याकडून."

एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. पुढे डॉक्टरांनी तिच्या दंडाला एक चकती चिकटवली. ती न टोचता साखर सांगते म्हणे. मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडले, रबरबँड आणि वाढदिवसाच्या अर्धवट मेणबत्त्यांच्या शेजारी. खण नीट लागत नसे. त्या फटीतून जे दिसले ते सांगते.

व्हेरेनाची नणंद मार्लिस गावात पेट्या विकत असे. पेटीत टोचायच्या सुया आणि गोल आखलेला एक पुठ्ठा. बोट टोचायचे, गोल रक्ताने भरायचे, पुठ्ठा वाळवून टपालाने कंपनीकडे पाठवायचा. मग कुठले अन्न पोटाला सोसत नाही, ते कळायचे. ब्रिटाचे पोट कित्येक महिने दुखत होते. पोट फुगलेले आणि हात काटकुळे. तिची आई, व्हेरेनाची सून शेरी, अगदी हवालदिल झाली होती. एका रविवारी मार्लिस पेटी घेऊन याच स्वयंपाकघरात आली.

"दाब गं शेरी, अजून एक गोल राहिलाय!"

"आत्या, ती रडतेय हो."

"रडू दे. आज रडेल, उद्या हसेल."

उत्तर आले. लाल रंगात दूध, चीज, लोणी, अंडी. हिरव्या रंगात गहू.

"दूधच भोवतंय आपल्या घराण्याला," मार्लिस म्हणाली.

"चार पिढ्या त्या दुधावर जगल्या, मार्लिस."

"जगल्या गं वहिनी. पण कशा जगल्या ते कोणी विचारलं?"

तेव्हापासून व्हेरेनाच्या चीजला नातीच्या ताटात जागा उरली नाही. व्हेरेनाने जे हिरव्या रंगात होते ते करायला घेतले. ती पाव भाजू लागली. सकाळी पाव, शाळेच्या डब्यात पाव, रात्री सुपाबरोबर पाव. लोण्याविना कोरडाच, पण ताजा. "एवढं तरी माझ्या हातचं पोटात जातंय," असे ती पीठ मळताना पुटपुटायची.

पोरगी वाळतच चालली. आणि मग एके दिवशी मार्लिस शेरीला म्हणाली, व्हेरेना ऐकत असतानाच म्हणाली, "पथ्य पाळूनही गुण येत नाही, म्हणजे कोणीतरी चोरून चीज चारतंय. मी नाव घेत नाही."

शेरीने नाव विचारले नाही. पण त्यानंतर तिने ब्रिटाला आजीकडे एकटे सोडणे बंद केले. पाव घ्यायला यायची आणि दारातूनच परत जायची. ब्रिटा गाडीतून हात हलवायची.

दुसऱ्या दिवशी व्हेरेनाने मार्लिसला फोन केला. "मला दोन पेट्या हव्यात. एक माझ्यासाठी, एक रोझालिंडसाठी."

"आली की नाही वाटेवर!" मार्लिसचे हसू खणापर्यंत ऐकू आले. "रोझालिंड कोण गं?"

"आहे एक. माझ्याच वयाची. पोटाची फार तक्रार."

पेटीतल्या सुया व्हेरेनाच्या राठ बोटापुढे हरल्या. अर्धाही गोल भरेना. तेव्हा तिने खण उघडला. मित्रांनो, मला वाटले होते मी गंजले असेन. पण तिने नवी सुई बसवली, बटण दाबले आणि मी असा चावा घेतला की पहिला पुठ्ठा भरला, आणि त्याच बोटाच्या त्याच जखमेतून दुसराही. एकावर तिने स्वतःचे नाव घातले, दुसऱ्यावर रोझालिंडचे. मी काय करते आहे ते मला पुरते कळले होते. मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही.

ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या मासळीचे जेवण असते. सगळे गाव येते. अशाच एका शुक्रवारी कोपऱ्यात मार्लिसचे पेट्यांचे टेबल होते. व्हेरेना ॲप्रनच्या खिशात मला घालून बटाटे वाढत होती. वाढता वाढता ती थांबली आणि टपालाने आलेले उत्तरांचे दोन कागद घेऊन उभी राहिली.

"मार्लिस, जरा समजावून सांग गं. मला दूध वर्ज्य. रोझालिंडला दूध चालतं, पण कोबी आणि मासळी वर्ज्य. बरोबर?"

"अगदी बरोबर. प्रत्येकाचं रक्त वेगळं असतं, वहिनी."

"रक्त एकच होतं. हे बघ, याच बोटातलं." तिने बोट वर केले. "आणि रोझालिंड माझी गाय आहे."

मग कोणीतरी ओरडले, "गाईला दूध चालतं, बरं झालं बाई!" आणि सगळे तळघर हसून लोळले. मार्लिसचा चेहरा कोबीसारखा पांढरा पडला. खिशात माझी स्प्रिंग आनंदाने थरथरली असेल, नक्की सांगता येत नाही.

एकटी शेरी हसली नाही. ती आपल्या मुलीच्या ताटाकडे बघत होती. ताटात कोरडा पाव होता.

पुढच्या आठवड्यात ती ब्रिटाला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली. तिथे रक्त दंडातून काढतात. ते माझे काम नाही. उत्तर घेऊन शेरी आली, आणि कित्येक दिवसांत प्रथमच दारात न थांबता आत येऊन खुर्चीवर बसली.

"आई, गहू. गव्हानं तिची आतडी सोलून निघाली आहेत. दुधाचा काही दोष नव्हता."

व्हेरेनाचे हात पिठात होते. तिने हात धुतले, पिठाचा गोळा उचलला आणि बाहेर नेऊन बर्फात भिरकावला. मग कोट न घालताच गाडीत बसली. मी ॲप्रनच्या खिशातच होते.

मार्लिसने दार उघडले. डोळे सुजलेले. "वहिनी, मला कळलं. मलाही फसवलं गं त्या कंपनीनं. मी माझं स्वतःचं रक्तसुद्धा पाठवत होते."

मला वाटले व्हेरेना विरघळेल. ती विरघळली नाही.

"शुक्रवारी तुझं टेबल मांडायचं."

"पेट्या मी टाकून दिल्या."

"रिकामं टेबल मांडायचं. येईल त्या प्रत्येकाला तू सांगायचंस. पोरीला पाव खाऊ घाला असं तू सांगितलंस, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचंस. ब्रिटाच्या अंगावर मांस चढेपर्यंत."

"आणि मी नाही आले तर?"

"तर मी तुझ्या दारात उभी राहून सांगेन."

मार्लिस आली. रिकाम्या टेबलामागे मान खाली घालून उभी राहिली. लोक ताटे घेऊन थांबत, आणि ती सांगे, "तिला पाव चालतो, असं मी सांगितलं." आणि बटाट्यांच्या पातेल्यामागून, सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा आवाजात, व्हेरेना दर वेळी पुढचे वाक्य बोले.

"आणि तो मी भाजला."

ईस्टर झाला, मासळीची जेवणे संपली, तरी दर शुक्रवारी दोघी तिथे येतात. कॉफी प्यायला येणाऱ्यांना सांगतात. ब्रिटा आता आजीकडे एकटी राहते, चीज खाते, तिचे गाल थोडे भरले आहेत. पुरेसे भरले, असे व्हेरेना अजून म्हणत नाही.

मित्रांनो, मी थेंबभर रक्त काढू शकते. त्यात काय आहे ते मला वाचता येत नाही. आपल्याला वाचता येते असे जो म्हणतो, त्याच्या हाती लहान मुलाचे बोट देण्याआधी दोनदा विचार करा. पोट दुखत राहिले तर डॉक्टर गाठा. आणि तुमच्या हातून चूक झालीच, तर निदान ती दुसऱ्यावर ढकलून गप्प बसू नका. तसे बसणाऱ्यांचा मला फार राग येतो, आणि मी म्हातारी झाले असले तरी माझी सुई नवी असते.