हिंटरग्रूब: गायी ६११, माणसं ४३८

स्थान

*हिंटरग्रूब ही ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातली एक लहान ग्रामपंचायत. समुद्रसपाटीपासून उंची १,१८४ मीटर. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूने रस्ता.*

ही नोंद लिहिली गेली ती इंग्लंडमधल्या वॉटफर्डमध्ये, किचनच्या टेबलावर. वॉटफर्डची उंची जेमतेम सत्तर मीटर.

लिहिणारे रघुवीर देशकर. नागपूरच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी फळ्यावर खडूने आल्प्स काढला आणि दर वर्षी पुसला. पाहिला मात्र एकदाही नाही. एप्रिलात मुलीकडे सहा महिन्यांसाठी आल्यापासून त्यांनी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात आल्प्समधली गावं भरायला घेतली होती. ही बासष्टावी नोंद.

"बाबा, हे वाचणार कोण?" ऋजुता लॅपटॉपमागून विचारायची. तिचं वर्क फ्रॉम होम.

"ज्याला हिंटरग्रूबला जायचं असेल तो."

"मराठी माणूस?"

"काहून? मराठी माणसानं जाऊ नये?"

लोकसंख्या

*माणसं ४३८. गायी ६११. (गायींची मोजणी अलीकडची आहे.)*

वॉटफर्डच्या घरात साडेतीन माणसं. रघुवीरराव, ऋजुता, आठ वर्षांची तनू, आणि अर्धा जावई, कारण रवीचे आठवड्यातले चार दिवस लीड्सच्या हॉस्पिटलात जायचे.

नागपूरच्या घराची लोकसंख्या फेब्रुवारीपर्यंत दोन होती. मग त्यांच्या पत्नी यमुनाबाई गेल्या, आणि ऋजुताने एकावर घर चालू ठेवायची परवानगी बाबांना दिली नाही.

येताना रघुवीररावांच्या बॅगेत स्वेटरमध्ये गुंडाळलेला एक लाकडी बैल होता. वीतभर उंच, खाली चार चाकं, एक शिंग जरा वाकडं. तनू जन्मली त्या वर्षी यमुनाबाईंनी तो तिच्यासाठी घेतला होता. दर तान्ह्या पोळ्याला त्या तो नागपुरात सजवायच्या आणि व्हिडिओ कॉलवर तनूला दाखवायच्या. यंदा बैल पहिल्यांदा तनूच्या हातात आला होता.

इतिहास

*गावाचा पहिला उल्लेख १३१२ सालचा, एका मठाच्या कागदात. शेजारच्या गावाशी कुरणावरून भांडण लागलं होतं. ते १७४० मध्ये मिटलं.*

घरातलं भांडण सोमवारपासूनचं होतं.

येत्या रविवारी तिथल्या मराठी मंडळाने चर्चच्या हॉलमध्ये तान्हा पोळा ठेवला होता. मुलांनी आपापले सजवलेले बैल ओढत आणायचे, टेबलाटेबलावर जायचं, आणि प्रत्येकाने बोजारा म्हणून हातावर काहीतरी खाऊ ठेवायचा. तनूने ग्लिटर, क्रेपचे झेंडू आणि सोनेरी टेप आणून ठेवली होती.

"यंदा नाही," रघुवीरराव म्हणाले. "आजीला वर्ष झालं नाही. वर्षभर सण करत नाहीत."

"बाबा, ती लहान आहे."

"बैल यमुनेचा आहे."

"माझा पण आहे," तनू म्हणाली. "आजी म्हणाला होता."

"म्हणाली होती," ऋजुताने सवयीने दुरुस्त केलं.

"हो, तेच. आजी म्हणाली होती, जेव्हा तू मोठा होशील तेव्हा तू ओढ. मी आता मोठा आहे."

रघुवीररावांनी बैल उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. मंगळवारपर्यंत तनूने त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं आणि ऋजुता फक्त चहाचं विचारत होती.

लोकजीवन

*दर सप्टेंबरात गायी उंच कुरणांवरून गावात उतरतात. त्या वेळी त्यांना फुलांचे मुकुट घालून मिरवत आणतात.* [संदर्भ हवा]

ते शेवटचं कुण्या संपादकाने चिकटवलं होतं, सोबत ताकीद: सात दिवसांत पुरावा द्या, नाहीतर हा भाग उडेल. रघुवीररावांनी शुक्रवारी थेट हिंटरग्रूबच्या ग्रामपंचायतीला फोन लावला. रोझवीटा नावाच्या बाई होत्या. दोघांचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं, त्यामुळे छान जमलं.

"मला यंदाच्या मिरवणुकीचा फोटो हवा आहे. मुकुट घातलेल्या गायींचा."

"यंदाचा चालणार नाही. यंदा फुलं नाहीत."

"का? पाऊस कमी?"

"नाही हो. जुलैमध्ये आमचा एक गुराखी वर कुरणावरच वारला. आलोइस. असं झालं की त्या वर्षी गायी सजवत नाहीत."

रघुवीररावांनी पेन खाली ठेवलं. "अगदी बरोबर," ते म्हणाले. त्यांना एकदम आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. "आमच्याकडेही तसंच. म्हणजे यंदा मिरवणूक रद्द."

"रद्द कशी? उद्या आहे."

"पण आत्ताच तुम्ही म्हणालात..."

"फुलं नाहीत म्हणाले. गायी उतरणारच. थोड्या दिवसांत वर बर्फ पडेल, त्यांना तिथे कोण ठेवणार? सगळं गाव रस्त्यावर उभं राहतं. गायी नुसत्या येतात, साध्या. बघणाऱ्याला कळतं."

"काय कळतं?"

"की कोणीतरी कमी आहे," रोझवीटाबाई म्हणाल्या. "घरात कोंडल्या तर कसं कळणार?"

फोन ठेवल्यावर ऋजुताने चहाचं विचारलं. रघुवीररावांनी स्टूल मागितलं.

सण-उत्सव

"नेकेड?" तनूने विचारलं. चार दिवसांतला पहिला शब्द.

"साधा," रघुवीरराव म्हणाले. "ग्लिटर नाही, झेंडू नाही, टेप नाही. पण जाईल. मी पण येतो."

"सगळे हसेल."

"हसले तर मी सांगेन."

ऋजुता ओट्याकडे वळून कप विसळत राहिली. कप मघाशीच विसळून झाला होता.

रविवारी हॉलमध्ये सत्तावीस सजवलेले बैल आले. एकाच्या शिंगांत लाइट्स होते, एकाच्या पाठीवर ब्लूटूथ स्पीकर. अठ्ठाविसावा उघड्या लाकडाचा, वाकड्या शिंगाचा, चाकं कुरकुरत. फेब्रुवारीनंतर रघुवीरराव पहिल्यांदाच इतक्या माणसांत उभे होते.

मंडळाच्या सेक्रेटरी वीणाताई खाली वाकल्या. "अगं तनू, सजवायला वेळ नाही मिळाला का? थांब, माझ्याकडे एक माळ आहे."

रघुवीरराव सांगायला पुढे सरकले.

"नको," तनू म्हणाली. "माझी आजी वारली ना, म्हणून तो असा आहे. इट्स ऑस्ट्रियन."

वीणाताईंनी रघुवीररावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. वीणाताईंनी माळ पर्समध्ये ठेवली आणि तनूच्या हातावर एकाऐवजी दोन चकल्या ठेवल्या. तनूने एक मागे उभ्या आजोबांना दिली.

संदर्भ

*ज्या वर्षी गावातलं कोणी कुरणावर वारतं, त्या वर्षी गायी सजवत नाहीत. उतरतात मात्र.* [१]

१. रोझवीटा, ग्रामपंचायत कार्यालय, हिंटरग्रूब. फोटो पाहावा: साध्या गायी, दुतर्फा माणसं. *(फोटो सोमवारी आला. उत्तरादाखल वॉटफर्डहून एका बैलाचा पाठवला आहे.)*