ढोलासाठी वेगळी लाइन

बारांकिजा शहरातल्या एलिएसेरचे स्पीकर माणसापेक्षा उंच होते. गाण्यात ढोल घुमला की घरातले दिवे मंदावत आणि सासूबाईंचा पंखा रेंगाळायचा.

"जावईबापू, तुमचा ढोल माझा वारा खातो!" त्या ओरडायच्या.

त्याची बायको नेल्सी वायरिंगची कामं करायची. तो तिला म्हणाला, "मोठा ब्रेकर बसव की."

"वायर जळेल, वेड्या! अ‍ॅम्प्लिफायरला मेन बोर्डापासून वेगळी जाड लाइन ओढू. ब्रेकरही वेगळा."

दोघांनी मिळून भिंतीवर खडूने रेघ आखली आणि शनिवारी लाइन ओढली. रविवारी ढोल घुमला, पण पंखा गरगरतच राहिला. एलिएसेरने भीतभीत सासूबाईंकडे पाहिलं.

"बघताय काय?" त्या उठत म्हणाल्या. "आवाज वाढवा आणि या नाचायला!"