डावा कान जरा वर

“हिला काय तो आवडला! रोज समोर दिसला, डोळ्यांना सवय झाली. त्या काउंटरवर दुसरा कोणी असता, तर आज त्याची बायको असती.”

सासूबाई स्वयंपाकघरात नणंदेला हळूच सांगत होत्या. दाराशी रिकामे कप घेऊन नवी सून उभी होती, आणि तिच्या नाकावर मी. मी तिचा चष्मा. कानांवर बसूनच जन्म गेला माझा. ऐकू आलं, तर त्यात माझा काय दोष?

ती कप घेऊन तशीच मागे फिरली. पण तेव्हापासून नवऱ्याकडे बघताना ती मला काढते, पुसते, पुन्हा घालते. जणू डाग माझ्यावर आहे. खरंच नुसती सवय असेल का?

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी होतो ना तिथे.

त्याच्याच दुकानातून मी तिच्या नाकावर आलो आणि पहिल्या दिवसापासून वाकडा बसलो. ती तक्रार घेऊन जाई. तो मला टेबलाच्या काचेवर ठेवी, दोन्ही काड्या टेकतात का बघे आणि म्हणे, “सरळ आहे.” सरळच होतो मी. तिचा डावा कान जरा वर आहे, त्याला मी काय करू? पण ते कळायला तिच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि या लाजाळू बाबाची मान काचेवरून वर होईना.

पहिल्या खेपेला ती मैत्रिणीला म्हणाली, माणूस आहे की कपाट! तिसऱ्या खेपेला कपाटाचा आवाज बरा वाटला. पाचव्या खेपेला, भिंगावर फुंकर मारताना तो डोळे मिटतो, हे तिने टिपून ठेवलं. सहाव्या खेपेला दुकान बंद, तर घरापर्यंत चिडचिड. म्हणजे सासूबाई अगदीच चूक नाहीत. पण ऑफिसातले हेडक्लार्कही तिला तीन वर्षं रोज दिसत होते. त्यांच्यासाठी काही तिने कधी वाट वाकडी केली नाही.

सातव्या खेपेला त्याने मान वर केली. बघितलं, चांगलं बघितलं. मग एक काडी गरम करून किंचित वाकवली, आणि मी सरळ बसलो.

“आता यायला नको तुम्हाला,” तो म्हणाला, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

त्याच संध्याकाळी ती माझ्यावर बसली. चुकून, असं ती सांगते. काडी मोडलेला मी काय बोलणार?

आता माझ्या भिंगांवर ओरखडे आहेत. तो नवीन करून देतो म्हणतो, ती नको म्हणते. रोज सकाळी तोच मला पुसतो, डोळे मिटून फुंकर मारतो. एकच विनंती आहे बाबांनो, आम्हाला अंगातल्या कपड्याने पुसू नका.

काल चहाच्या वेळी सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. “अगं, वाकडा झालाय तुझा,” म्हणत त्यांनी मला स्वतःच्या हाताने नीट बसवलं. डाव्या बाजूने जरा खाली. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

नणंदही समोरच होती. तेव्हा सून बोलली.

“आई, त्या दिवशीचं मी ऐकलं होतं. खरं आहे, तो मला आधी आवडला नव्हता. तुम्हीही आवडला नव्हतात. पण आता तुम्हीही रोज दिसता.”